तिसऱ्या मजल्यावरचं स्वित्झर्लंड

आमची ही टूरवरून आली ती फोटो घेऊन, आणि त्यात डोंगर कमी, बाल्कन्याच जास्त. आल्प्समधल्या त्या लाकडी घरांच्या कठड्यावरून लाल-गुलाबी फुलं नुसती ओघळत असतात ना, ते म्हणजे लोंबतं जिरेनियम, आयव्हीसारख्या पानांचं. "आपल्याकडे का नाही?" झालं, ठरलं. मुळात ही बाई दक्षिण आफ्रिकेची, युरोपात सासरी गेली आणि तिथलीच झाली, मग कोथरूडनेच काय घोडं मारलंय?

नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, थंडीत नुसती फुलं बघा." खोटं नाही बोलला, दिवाळीनंतरची पुण्याची हवा हिला फारच मानवते. एप्रिलच्या उन्हाचं आणि जुलैच्या पावसात मुळं कुजण्याचं मात्र त्याने नावही काढलं नाही, धंदाच आहे तो.

खरा वांधा पाण्याचा. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी घालायचं, पण घालायचं ते खालून निथळेपर्यंत. आता साध्या कुंडीखाली ताटली असते, हँगिंग बास्केटच्या खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकू असतात. आणि काकूंच्या दोरीवर काकांचे पांढरेशुभ्र लेंगे. "अरे, तुझं स्वित्झर्लंड गळतंय बघ!" बरं, पाणी तोडावं तर बास्केटमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा का कडक वाळलं की पाणी पीतच नाही, कडेकडेने सरळ खाली, म्हणजे पुन्हा काकूच. मग बास्केट हुकावरून काढायची, बाथरूममध्ये न्यायची, बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत उभं राहायचं आणि ते भिजलेलं धूड थेंब थेंब गाळत हॉलमधून परत आणायचं, तेही हिची फरशी पुसून झाल्या झाल्या.

तेवढ्यात ढगाळ दमट हवा पडली आणि पानांच्या मागे तपकिरी, खरखरीत फोड आले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला तर हळद, ताक, कांद्याच्या सालीचं पाणी आणि एक दृष्ट काढायचा सल्ला. रोगबिग काही नव्हता, मुळं पाणी ओढतात आणि तशा हवेत पानांना ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून पेशी फुगून फुटतात. पाणी कमी करा, एवढंच औषध.

पाणी कमी करायचं काम कबुतरीणबाईंनी केलं. चार काटक्या टाकून बास्केटमध्ये दोन अंडी, झालं घर. आता पाणी घालायचं कुठून? ही म्हणाली, पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही. काकू एकदम खूश, लेंगे कोरडे! रोज वर यायच्या, "झाली का रे पिल्लं?" आणि येताजाता फुलं बघून शेवटी फांदी मागितलीच. चार बोटं लांब, गाठीखाली कापलेली, खालची पानं काढून दिली, तिने मुळं धरली आणि काकूंच्याही बाल्कनीत बास्केट लागली.

काल पहिल्या मजल्यावरचे आजोबा ओला टॉवेल घेऊन जिना चढले, काकूंकडे थांबले, आणि मग आमची बेल वाजली. काकूंनी सांगितलं म्हणे, मूळ वर आहे.