जिप्सीची ‘पाच हजारांत तीन इंच लिफ्ट’: त्या मेसेजला एकेक करून उत्तर

पावसाळा तोंडावर आला की मारुती जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या थारवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. जिप्सीला लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणारी कडी) लावा, ॲक्सलवर ब्लॉक (ठोकळा) टाका, पाच हजारांत गाडी तीन इंच वर. ग्राउंड क्लिअरन्सही तीन इंच वाढतो. लिफ्टशिवाय २३५ चे (म्हणजे २३५ मिलिमीटर रुंद) टायर बसतच नाहीत. स्टिअरिंग-ब्रेकला काही होत नाही. थारवाल्यांनी नुसता टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) पिळावा, काम फुकटात. आरटीओचा यात संबंध नाही. लिफ्ट किट विकणारे सगळे लुटारू. आणि शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

स्वस्तात गाडी उचलायला माझी ना नाही. जिप्सी मुळातच कमी पैशात खेळायची गाडी आहे. लष्कराच्या लिलावातली घ्यायची, पाने-हातोडी घेऊन रविवारी तिच्याखाली आडवं व्हायचं. पण या मेसेजनं गणित उलटं मांडलंय. आधी टायर ठरवावा लागतो, तो ठरला की किती उचलायचं ते आपोआप कळतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्तर ‘फारसं नाही’ असंच येतं.

सुरुवात ब्लॉकपासून करतो, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं जिप्सीखाली कधी डोकं घातलेलं नाही हे तिथेच कळतं. जिप्सीचे पाटे ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात. वाकून बघा: वर ॲक्सलची नळी, तिच्याखाली पाट्यांची चळत, वरून आलेले यू-बोल्ट खालच्या प्लेटवर आवळलेले. आता नळी आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंचांचा ठोकळा सरकवला, तर पाटे ॲक्सलपासून आणखी दोन इंच खाली जातील. चासी त्याच पाट्यांना टांगलेली, म्हणजे तीही दोन इंच खाली. पैसे उचलण्याचे दिले आणि गाडी बसवून आणली! ब्लॉकनं उंची वाढते ती पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत, आणि तिथेही ब्लॉक फक्त मागे घालतात. पुढच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त. जोरात ब्रेक दाबला की ॲक्सल पाट्यांवर पिळायला बघतो, आणि मधला ठोकळा त्या पिळाला आणखी लांब दांडा मिळवून देतो.

राहिलं लांब शॅकल. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, दुसरं टोक चासीला पक्कं. एक टोक दोन इंच खाली ढकललं तर मध्यावरच्या ॲक्सलला त्यातलं निम्मंच मिळतं. मूळच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल म्हणजे एक इंच लिफ्ट. तीन इंच हवे असतील तर शॅकल सहा इंच लांब करावं लागेल. तसली गाडी वळणावर बाजूला झोलते हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. इंच-सव्वा इंच लांब शॅकल चालतं, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये आडवी जोड वेल्ड केलेली असावी आणि बुश (सांध्यातली रबरं) नवे असावेत. नुसत्या दोन पट्ट्या कापून भोकं पाडलेलं शॅकल कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला तासाभरात करून देतो. बोल्ट ढिला झाला की त्या दोन पट्ट्या एकमेकींशी समांतर राहत नाहीत, पाटा तिरका ओढला जातो आणि बुश एका कडेनं खाल्लं जातं.

मेसेज म्हणतो स्टिअरिंगला काही होत नाही, आणि सगळ्यात जास्त भोगायला लागतं ते तिथेच. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, सगळा ॲक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचा (चाक ज्याच्याभोवती वळतं त्या खुंटीचा) मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. कॅस्टरमुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. तो गेला की गाडी ऐंशीला हायवेवर पोहायला लागते आणि मालक अलाइनमेंटवाल्याकडे चकरा मारतो. अलाइनमेंटवाला टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, सुधारून देतो, कारण या ॲक्सलवर फिरवायला तेवढंच आहे. कॅस्टर परत आणायला पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये उताराच्या पाचरी घालाव्या लागतात, त्याही पोलादी. ॲल्युमिनियमच्या दबून फुटतात. शिवाय गाडी जितकी वर, तितका ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपा. मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टिअरिंग हाताला झटका देतं.

जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, मध्येच बसवलेला आहे. त्यामुळे तिथून ॲक्सलकडे जाणारे शाफ्ट आखूड. आखूड शाफ्टचा कोन थोड्याशा लिफ्टनंही भराभर वाढतो. साठच्या वर गाडीच्या बुडातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला तर शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस बदलण्याआधी तो कोन बघा.

आता सगळ्यात लाडका मुद्दा: लिफ्टनं ग्राउंड क्लिअरन्स वाढतो. सह्याद्रीतल्या कातळावर गाडी अडकते तेव्हा काय टेकलेलं असतं? बहुतेकदा डिफरन्शियल, ॲक्सलवरचा तो गिअरचा गोळा. सलग ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल दोन चाकांच्या मध्ये ॲक्सलवरच असतं, चासीला टांगलेलं नसतं. पाटे, शॅकल, बॉडी काहीही उचला, ते एक मिलिमीटरही हलत नाही. ते वर येतं फक्त टायर मोठा झाल्यावर, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मंच. जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर१५ चा व्यास सुमारे ७३४. फरक ६६, म्हणजे डिफरन्शियल ३३ मिलिमीटर वर. सव्वा इंच. मेसेजातले तीन इंच यात कुठेच नाहीत. लिफ्टचा फायदा होतो, पण वेगळ्या जागी: पोट आणि ट्रान्सफर केस वर जातो, गाडी उंचवट्यावर बसत नाही, चढाच्या पायथ्याशी बंपर टेकत नाही. हे हवं असेल तर खुशाल उचला. मात्र डिफरन्शियल दगडावर ठेवून चाकं फिरवत बसायचं दुखणं त्यानं जाणार नाही.

लिफ्टशिवाय २३५ बसत नाहीत, हेही खरं नाही. २१५/७५ आर१५ जिप्सीला काहीही न करता बसतो. २३५/७५ साधारण बसतो, पण घासतो, आणि कुठे घासतो हे महत्त्वाचं. फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवल्यावर, आतल्या बाजूनं पाट्याला घासत असेल तर तो प्रश्न टायरच्या रुंदीचा आणि रिमच्या ऑफसेटचा (रिम किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा) आहे. गाडी दहा इंच उचलली तरी तो तिथेच घासणार. त्यावर इलाज म्हणजे स्टिअरिंग-स्टॉपचा बोल्ट थोडा बाहेर काढणं किंवा वेगळ्या ऑफसेटचं रिम. वर फेंडरला किंवा पुढे बंपरच्या कोपऱ्याला घासत असेल तरच उंचीचा संबंध, आणि तिथेही पत्र्याची कड आत वळवणं किंवा बंपरचा कोपरा कापणं पुरतं. तपासायला खर्च शून्य: एक पुढचं चाक मोठ्या दगडावर चढवा, त्याच बाजूचं मागचं चाक खड्ड्यात, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. सपाट पार्किंगमध्ये ‘परफेक्ट बसले’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांनी हे केलेलं नसतं. खरी लिफ्ट लागते ती ३० आणि ३१ इंची टायरांना.

‘ब्रेकला काही होत नाही’ या वाक्याला एवढंच उत्तर: टायरचा व्यास दहा टक्के वाढला की पेडलवर तेवढाच पाय देऊन जमिनीवर मिळणारा ब्रेकचा जोर नऊ टक्क्यांच्या आसपास घटतो. जड टायर थांबवायला लागणारी ताकद त्याच्यावर वेगळी. स्पीडोमीटर ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी अठ्ठ्याऐंशीला असते. आणखी एक गंमत, ओडोमीटरही कमीच मोजतो, त्यामुळे ‘टायर टाकल्यावर ॲव्हरेज खूप पडलं’ यातला काही भाग नुसता हिशोबाचा असतो. मात्र ताम्हिणीत तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागायला लागते, ते खरं आहे. १३०० सीसीच्या इंजिनकडून तेवढीच अपेक्षा धरावी.

ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) मात्र मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावा. लिफ्ट झाल्यावर जॅक चासीला लावा, ॲक्सलला नाही, आणि चाकं पूर्ण खाली लोंबू द्या. मग होजकडे बघा. तो तारेसारखा ताणलेला दिसला तर पहिल्याच खोल चरात तुटेल, आणि तिथून पुढे उतार असेल. शॉकअबसुद्धा (शॉक ॲब्सॉर्बर) त्याच वेळी बघून घ्यावा. तो पूर्ण उघडून आधीच थांबला असेल तर पाटे खाली जायच्या आत सगळा धक्का शॉकच्या बुशवर येतो.

जुन्या थारच्या टॉर्शन बारचं प्रकरण वेगळं. २०१० ते २०२० च्या सीआरडीई थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि स्प्रिंगऐवजी पिळाचा दांडा. त्याचा ॲडजस्टिंग बोल्ट फिरवला की पुढचं तोंड वर येतं आणि खर्चही येत नाही. इथवर मेसेज बरोबर. ‘बार घट्ट झाल्यानं राइड कडक होते’ असं लोक म्हणतात ते मात्र चूक, दांड्याचा कडकपणा तोच राहतो. कडक वाटतं कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. चाक धरणारा आर्म आधीच खालच्या स्टॉपजवळ, मग प्रत्येक गतिरोधक उतरताना ठक्क. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सीव्ही जॉइंट कायम वाकडे चालतात आणि त्यांची रबरं फाटतात. मागे पाटे बसलेले असताना तोंड सरळ करायला पाऊण-एक इंच ठीक. त्यापुढे बोल्टात चुड्या उरल्यात म्हणून फिरवत राहू नये.

आरटीओचा संबंध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे मेसेजमधली पूर्ण ‘लिफ्ट’ एका चलानाच्या किमतीत. इतकी वर्षं कुणी अडवलं नाही असं म्हणणाऱ्यांनी अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली काय काय बघतो तेही विचारून घ्यावं. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजला उतरणाऱ्या गाड्यांचे फोटो या मेसेजला जोडलेले असतात; त्या स्पर्धेसाठी बांधलेल्या गाड्या आहेत, रोज ऑफिसला नेणारी तुमची जिप्सी नव्हे.

राहिले किटवाले लुटारू. काही आहेतही. पण चांगल्या किटमध्ये पैसे जातात ते जास्त कमानीच्या पाट्यांचे, त्यांच्या मापाच्या लांब शॉकअबचे, होजचे आणि पाचरींचे, म्हणजे वर सांगितलेल्या प्रत्येक दुखण्याच्या औषधाचे. हे सुटं जमवलं तर स्वस्त पडतं, यात वाद नाही. जुनेच पाटे हातोड्यानं ठोकून कमान वाढवून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. पहिले काही दिवस गाडी ऐटीत उभी राहते, मग एक बाजू बसते.

माझ्याकडे पाच हजारच असतील तर मी सुरुवात शॅकलपासून करणार नाही. पंधरा-वीस वर्षांच्या जिप्सीचे पाटे निम्मे बसलेलेच असतात आणि बुशांचा भुगा झालेला असतो. आधी सगळे बुश नवे, मग जमेल तसे कंपनीच्या मापाचे नवे पाटे. गेलेली उंची तिथेच बरीचशी परत मिळते, आणि कॅस्टर, शाफ्ट, होज सगळं जिथल्या तिथे राहतं. टायर झिजले की २१५/७५. उरलेल्या पैशात छोटा कंप्रेसर आणि प्रेशर गेज. चिखलात शिरण्याआधी हवा २८ वरून १८ पीएसआयवर आणा, आणि बाहेर पडल्यावर डांबराला लागण्याआधी परत भरा.