प्रतिकाराच्या कादंबरीला नायक लागतोच का?

दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषविरोधी कादंबरी म्हटलं की आपल्याला लगेच मोर्चा हवा असतो, भाषण हवं असतं. ॲलेक्स ला गुमा वाचा, मग बोलू.

केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाढलेला हा लेखक. वर्णद्वेषी सरकारने चळवळीतल्या लोकांवर भरलेल्या १९५६ च्या देशद्रोह खटल्यातल्या १५६ आरोपींपैकी एक, पुढे घरातच नजरकैद. 'अ वॉक इन द नाइट' १९६२ साली छापली गेली ती नायजेरियातल्या इबादानला. मायदेशात त्याचं लिखाण छापायलाच बंदी आली.

आणि इतक्या लढाऊ माणसाच्या या छोट्याशा कादंबरीत चळवळ औषधालाही नाही! मायकेल अडोनिस गोऱ्या फोरमनला उलट बोलतो, नोकरी जाते. दिवसभर धुमसतो, दारू पितो आणि रात्री त्याच्याच चाळवजा इमारतीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या, दारुड्या आयरिश माणसाचा त्याच्या हातून खून होतो. फोरमन सहीसलामत. संशय जातो विलीबॉयवर, ज्याचा खुनाशी काही संबंध नाही. बायकोवरचा राग डोक्यात घेऊन गस्त घालणारा गोरा पोलीस राल्ट त्याला गोळी घालतो. पोरगं गाडीत मरतंय आणि हा वाटेत गाडी थांबवून सिगारेटी घेतो.

मला हे कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त राजकीय वाटतं. वरून आलेला अपमान ज्याने केला त्याच्यापर्यंत पोचतच नाही, शेजारच्या दुबळ्यावर फुटतो. हे लिहायला धाडस लागतं. आपल्या माणसांना नुसतं निर्दोष दाखवणं कितीतरी सोपं.

१९७२ च्या 'इन द फॉग ऑफ द सीझन्स एंड'मध्ये मात्र भूमिगत संघटना आहे, पत्रकं आहेत, पोलिसांच्या छळात मरणारा एलायस आहे. त्यातला पासचा, म्हणजे काळ्या माणसाला सतत जवळ बाळगाव्या लागणाऱ्या सरकारी परवान्याचा, प्रसंग अंगावर येतो. कोवळ्या एलायसचं वय सरकारी माणूसच ठरवून टाकतो, तेही त्याला कपडे उतरवायला लावून. तू कोण, कुठल्या वंशाचा, किती वर्षांचा, सगळं सरकार सांगणार. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ला गुमा सरकारदरबारी 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा, होता. त्याने स्वतःची ओळख रंगाच्या त्या खान्यात मावू दिली नाही, एलायससारख्या कृष्णवर्णीय आफ्रिकन माणसाच्या बाजूने तो उभा राहिला.

आपल्याकडे दलित साहित्याच्या निमित्ताने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांची भरपूर चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. ला गुमाच्या वाट्याला तिचा अंशही आला नाही, हे मला खटकतं. चळवळीतली मित्रमंडळी दुसरी कादंबरी थोर म्हणतील. माझं मत पहिलीला. भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या, पण दोन्ही वाचून.