'सेट'चे ४३० अर्थ पाठ करायची काहीही गरज नाही

एक मेसेज परत परत फिरतोय. इंग्रजीतल्या 'सेट' या एका शब्दाला ४३० अर्थ आहेत, असा शब्द जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाही, म्हणून इंग्रजी सगळ्यात अवघड, आणि इंग्रजी यायला हवी असेल तर आधी हे सगळे अर्थ पाठ करा. नुकतीच शिकायला लागलेली माणसं असलं वाचून खरंच घाबरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आकडा. ४३० खोटा नाही, पण जुना आहे. तो ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतला, त्यात ही एक नोंद जवळपास ६०,००० शब्दांची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक शब्द नव्याने तपासायला घेतला आणि २०११ मध्ये 'रन' ६४५ अर्थांवर जाऊन पुढे निघून गेला. शिवाय हे दोन्ही आकडे फक्त क्रियापदाचे आहेत. मेसेजमध्ये उदाहरण म्हणून दिलेला 'पुस्तकांचा सेट' त्या ४३० मध्ये येतच नाही, तो नाम आहे आणि त्याचं एक मूळ जुन्या फ्रेंचमधून लॅटिनपर्यंत जातं.

आता 'अर्थ' म्हणजे काय मोजलंय ते बघा. ही डिक्शनरी ऐतिहासिक आहे, एकदा घेतलेला अर्थ वापरातून गेला तरी ती काढून टाकत नाही, त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी बंद पडलेले अर्थ, एखाद्या धंद्यातलेच वापर, 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट आउट' सारख्या जोड्या, सगळं त्यात आलं. रोजच्या वापराची छोटी डिक्शनरी उघडा, त्याच शब्दाचे अर्थ कितीतरी कमी दिसतील, कारण कुठे दोन अर्थ वेगळे धरायचे आणि कुठे एकत्र, हे शेवटी संपादक ठरवतो.

आणि हे अर्थ एकमेकांपासून तुटलेलेही नाहीत हो. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' मुळात त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे! आपण सरकलेलं हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, शब्दांना चाल बसवतो, कामाची घडी बसवतो, आणि या चारही ठिकाणी इंग्रजीत 'सेट' चालतं. हे चार अर्थ आपण कधी पाठ केले होते का?

जगात दुसरीकडे असा शब्द नाही, हे तर अजिबातच खरं नाही. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, पत्ता लागतो, गाडी लागली की उलटी होते, तो तुझा कोण लागतो असं विचारतो, पाऊस पडायला लागतो आणि मनात नसताना जावं लागतं. यातल्या शेवटच्या दोघांत तर 'लागणे' फक्त व्याकरणाचं काम करतंय. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे सगळं एका कागदावर लिहून दिलं तर तोही हादरेल.

याचं कारण साधं आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९४५ मध्येच दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरला जातो त्याला साधारणपणे अर्थही जास्त असतात. हे इंग्रजीपुरतं नाही, रोज तोंडात असलेले छोटे शब्द सगळीकडे असेच पसरतात.

पाठांतराबद्दल एवढंच सांगतो, सुटा 'सेट' कोणी बोलत नाही. अलार्म सेट करणं, तारीख सेट करणं, सूर्य सेट होणं, सोबतचा शब्दच अर्थ ठरवून टाकतो. त्यामुळे वाचताना जी जोडी समोर येईल ती अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवा, आणि जी आली नाही ती सध्या सोडून द्या.