हळद-लसणाने मानमोडी थांबत नाही हो

लेखात कोंबड्यांना मर लागली की हळद-लसणाचं पाणी पाजा असं लिहिलंय, पाजा बापडे, पण राणीखेत म्हणजे आपली मानमोडी विषाणूची आहे, एकदा लागली की त्यावर औषधच नाही. मान पाठीकडे पिळवटते, हिरवट पातळ हागते, दाणा टाकला की चोच मारते पण दाण्यावर न पडता बाजूलाच पडते, बघवत नाही. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात खुराडं जवळजवळ रिकामं झालं, आई तर तलंगीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत बसायची, गेली शेवटी.

लस हाच उपाय. पिल्लू 5-7 दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे 8व्या आठवड्याच्या आसपास आरटूबी ही याच रोगाची दुसरी लस टोचून घ्यायची. अडचण अशी की बाटली 100 किंवा जास्त डोसची येते, एकदा कालवली की दोनेक तासात संपवावी लागते आणि आपल्याकडे कोंबड्या दहा-बारा! म्हणून आता आळीतल्या सगळ्या बायका एकाच दिवशी ठरवून टोचून घेतात, लस थर्मासमध्ये बर्फात आणायची, पिशवीत लोंबकळत नाही. आजारी कोंबडीला लस देऊन काही उपयोग होत नाही हेही ध्यानात ठेवा.

आणि मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नका, खोल खड्डा, वर चुना. आजारी कोंबडी स्वस्तात बाजारात खपवणारे पण आहेत, त्यांच्यामुळेही पुढच्या गावात जाते ही मर, यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.