निम्मा जपान

गेल्या मंगळवारपासून माझ्याकडे ‘मेड इन जपान’, म्हणजे डीप पर्पल या रॉक बँडचा 1972 साली जपानात टिपलेला लाइव्ह अल्बम, निम्माच आहे. फोनमध्ये तसा तो अख्खा आहे, सातच्या सात गाणी, सव्वा तासाचा ऐवज. कानापर्यंत मात्र निम्माच पोचतो. बाकीचा निम्मा संकेश्वरच्या स्टँडवर एक मामा कानात घालून उतरले.

बेळगाव-निपाणी लाल बस, खिडकीकडची सीट, कानात वायरचे इअरफोन. (वायरचेच. बिनवायरचे चार्जिंगला लावायला विसरणाऱ्या माणसानं त्या वाटेला जाऊ नये.) अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास, अल्बम पंचाहत्तर मिनिटांच्या किंचित वर. मधले थांबे, वंटमुरीचा घाट आणि हत्तरगीचा टोलनाका धरला तर अल्बम संपून वर पुन्हा मूळच्या दोन तबकड्यांतली पहिली बाजू ऐकायला वेळ उरतो. हिशोब चोख होता. शेजारी कोण बसणार, हे त्या हिशोबात नव्हतं.

काकती मागं पडलं तशी कोपरावर दोन बोटं टकटकली. पांढरी टोपी, गळ्यात माळ, मांडीवर नायलॉनची पिशवी.

“काय ऐकालायसा?”

“गाणी.”

“ती कळली की वो. कुठली?”

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं, हे आता कळलंय. मी म्हणालो, “इंग्लिश आहेत मामा.” एवढ्यावर माणूस गप्प बसतो, असा माझा समज होता. मामांनी हात पुढं केला. “एक कान द्या की.”

एक कान द्या! किल्ली द्या, चुना द्या, पेपरचं मधलं पान द्या, तशा सुरात. आणि मी दिला. आपल्याकडं बसमध्ये कुणी काही मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. त्या रीतीचा फायदा नेहमी मागणाऱ्यालाच होतो, हे मला मंगळवारी लख्ख दिसलं.

आता इथं एक तांत्रिक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचा घोटाळा कळायचा नाही. डीप पर्पलमध्ये पाच जण. गिलन गाणारा, ब्लॅकमोर गिटारला, जॉन लॉर्ड ऑर्गनला, ग्लोव्हर बेसला, पेस ड्रमला. यातला लॉर्ड हा इरसाल माणूस. हॅमंड ऑर्गनचा आवाज त्यानं गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढला. त्यामुळं त्याचा ऑर्गन गुरगुरतो, फाटतो, डोळे मिटून ऐकला तर गिटारच वाटतो. दोघं एकाच पट्ट्यात एकाच वेळी भांडायला लागले की कोण कुणाला काय म्हणतोय, ते कळायचं कसं? म्हणून या अल्बमात ऑर्गन एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात ठेवलीय. गाणारा मधोमध. सगळी गंमत या अंतरात आहे. एक कान दिला म्हणजे चटणी देऊन भाकरी ठेवून घेतली.

मामांच्या वाट्याला ऑर्गन आला.

ते मिनिटभर गप्प होते. मग जोरात, म्हणजे कानात आवाज असलेला माणूस बोलतो तितक्या जोरात, म्हणाले, “पेटी चांगली वाजवालाय की वो!”

कंडक्टरनं मागं वळून बघितलं. माझ्याकडं.

मामा भजनी मंडळात पेटी वाजवत होते, चाळीस वर्षं. बेळगावला ते पेटीच्या रीड्स बघून घ्यायला आले होते, पिशवीत त्याच होत्या. विजापुरे मास्तरांची पेटी आपण समोर बसून ऐकलीय, हेही त्यांनी एका दमात सांगितलं. रामभाऊ विजापुऱ्यांचं नाव निघाल्यावर बेळगावच्या माणसाला आवाज चढवता येत नाही. मी गप्प बसलो.

“भाता कोण मारतंय? दोन्ही हात तर वर चाललेत.”

“भाता नाही मामा. विजेवर चालते ती.”

“विजेवर? आणि वीज गेली की?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जे सांगायचं होतं ते असं: हॅमंडच्या पोटात दात्यांची 91 लोखंडी चाकं असतात. ती चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून सूर निघतो. फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर सूर ढळत नाही, पण फ्रिक्वेन्सी घसरली तर अख्खी पेटी बेसूर होते. यातलं निम्मंअधिक सांगून झाल्यावर मामा म्हणाले, “मग आमच्यात नको.” आणि विषय संपला. जॉन लॉर्डवर इतकी नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

वंटमुरीच्या घाटात ‘चाइल्ड इन टाइम’ लागलं. बारा मिनिटांचं गाणं. सुरुवातीला नुसता ऑर्गन, हळू, देवळात कुणी झाडत असल्यासारखा. मामांनी मान हलवली. “ही चाल ऐकल्यासारखी वाटतीया.”

इथं मला कौतुकानं बोलायलाच पाहिजे होतं, कारण ती चाल मुळात पर्पलची नाहीच. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या अमेरिकन बँडची 1969 ची एक धून आहे, ‘बॉम्बे कॉलिंग’. तिच्यावरून हे गाणं उभं राहिलं. मी म्हणालो, “मूळ चालीचं नाव मुंबईवरून आहे, मामा.”

“तरी म्हटलं. 56 पर्यंत आपण पण मुंबईतच होतो की.”

भाषावार प्रांतरचनेचा विषय निघाला की आमच्या भागात गाणं बंद पडतं. मी घाईनं आवाज वाढवला. तेवढ्यात गिलन वर चढायला लागला. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी: शब्द संपतात, नुसता आकार उरतो. आधी गुणगुणणं, मग एक पायरी, मग त्याच्यावरची, आणि शेवटी माणूस ओरडतोय की रडतोय ते कळत नाही. ओसाकाच्या 16 ऑगस्टच्या रात्री त्यानं हे केलं आणि वरून काही चिकटवलं नाही, असं बँडवाले पुढं सांगत राहिले. मामांनी डोळे मिटले. बोटं मांडीवरच्या पिशवीवर फिरायला लागली.

“पांढरी सहा,” ते म्हणाले.

“काय?”

“पट्टी. पांढरी सहात गातोय. आमचा बुवा काळी चारला बसला की लोक माना हलवतात. हा पांढरी सहात बसून वरच्या सा ला जाऊन आला.”

‘चाइल्ड इन टाइम’ ए मायनरमध्ये आहे. पेटीवर ए म्हणजे पांढरी सहा. मला हे माहीत होतं, पण वाचून. या माणसानं ते तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या बसमध्ये, एका कानानं, पहिल्या ऐकण्यात सांगितलं. याचा राग यायला नको, हे कळतं. आला.

म्हणून असेल, मी सूड घ्यायचा ठरवला. “मामा, कान बदलूया?” गिटार कानात गेली की माणूस इअरफोन परत देईल, असा डाव. मामांनी ब्लॅकमोरला दहा सेकंद दिले.

“सतार बिघडलीया ह्यांची.” आणि तळहात पुढं. “माझी पेटी द्या.”

माझी!

मग पुढचा पाऊण तास मी ‘मेड इन जपान’ फक्त ब्लॅकमोरच्या बाजूनं ऐकला, आणि ते काही धड ऐकणं नव्हे. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये गिलन आणि ब्लॅकमोर सवाल-जवाब करतात, तेवढं मला पुरं मिळालं. ‘लेझी’ची सुरुवात लॉर्डची एकट्याची. ती सगळी मामांना गेली, मला नुसती भोवतालची गूंज. शेजारी ते “वा! वा!” करतायत आणि मी हत्तरगीच्या टोलनाक्याकडं बघतोय. आपण विकत घेतलेल्या इअरफोनमध्ये आपल्यालाच काय चाललंय ते विचारावं लागतं, यापरता अपमान कुठला?

‘द म्यूल’बद्दल मात्र आमचं एकमत झालं. ते गाणं म्हणजे पेसच्या ड्रम सोलोला दिलेलं निमित्त. नऊ मिनिटांच्या वर. पेस थोर आहे, त्याचं मनगट थोर आहे, पण घरी ऐकताना चौथ्या मिनिटाला माणूस उठून पाणी प्यायला जातो. समोर बसून बघायची गोष्ट आणि कानानं ऐकायची गोष्ट वेगळी. ही लाइव्ह अल्बमची जुनी खोड, आणि या अल्बमालाही ती आहे. मामा म्हणाले, “पखवाजवाल्याला मोकळा सोडला की असंच. प्रसाद गार होतो.”

या अल्बमात गिलन स्टेजवरून एक मागणी करतो, ती फॅन लोकांना पाठ आहे: सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं करता येईल काय? ते मी मामांना मराठीत सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. “मंडपवाल्याला आम्ही दरवर्षी हेच सांगतो. पेटीवाल्याला पेटी ऐकू येत नाही, बुवाला बुवा. शेवटी सगळ्यांचंच वाढवतोय, मग कुणाचंच ऐकू येत नाही.” स्टेजवर वाजवणाऱ्यांकडं तोंड करून ठेवतात त्या मॉनिटर स्पीकरचं अख्खं शास्त्र एवढंच आहे.

यावर मी मोठ्यानं हसलो आणि कंडक्टर सीटपाशी आला. “सौंड कम्मी माडरी.” मला! कानात इअरफोन, तोही एकच, आवाज बाहेर टिपूसभर नाही. मामा ओरडतायत आणि दम मला. गणपतीत आमच्या गल्लीतून डॉल्बी जाते तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, कपाटावरचे डबे सरकतात, म्हाताऱ्या माणसांना मागच्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. तेव्हा सौंड कम्मी माडरी म्हणायला कुणी येत नाही. दरवर्षी नियम वाचून दाखवतात, दरवर्षी बॉक्सची भिंत एक थर वर जाते. आणि 1972 सालचे पाच इंग्रज बसमध्ये माझ्या एका कानात हळू वाजले तर शांतता भंगते. असो.

खरं तर या बँडला हा अल्बम करायचाच नव्हता. जपानी कंपनी मागं लागली, आणि विकायचा तो फक्त जपानात, असं आधी ठरलं होतं. बँडनं अट घातली की रेकॉर्डिंगला आमचा माणूस, मार्टिन बर्च. आठ ट्रॅकवर तीन रात्री टिपल्या. दोन ओसाकाच्या, एक टोकियोच्या बुडोकानची. पहिली रात्र 15 ऑगस्टची. आपण इकडं स्वातंत्र्याची पंचविशी साजरी करत होतो, तेव्हा हे तिकडं ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवत होते, आणि अल्बममधलं ते गाणं त्याच रात्रीचं. पुढं मिक्सिंगला फक्त ग्लोव्हर आणि पेस जाऊन बसले. गिलन आणि ब्लॅकमोरला त्यात रस नव्हता. ज्यांचे सवाल-जवाब या अल्बमात आहेत, ते दोघंच फिरकले नाहीत! पहिलं गाणं ‘हायवे स्टार’ तर 1971 साली पोर्ट्‌समथला जाणाऱ्या बसमध्ये सुचलेलं. त्यांच्या बसमध्ये गाणं सुचतं.

संकेश्वर जवळ आलं तेव्हा चौथी बाजू चालू होती, ‘स्पेस ट्रकिन’. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं गाणं, इथं वीस मिनिटांचं. माझं मत विचाराल तर त्यातली पाच-सहा मिनिटं कापली तर कुणाचं नुकसान नाही. पण मधे लॉर्ड एकटा सुटतो, ते कापायला हात लावू देणार नाही. नेमकं तेच मामांच्या कानात. ते पुढं वाकून, ओठ घट्ट मिटून ऐकत होते.

“ह्या पेटीवाल्याला एकदा आमच्या सप्त्याला बोलवा,” ते म्हणाले. “जायचं-यायचं भाडं देऊ.”

“ते वारले, मामा. 2012 ला.”

मामांनी टोपी काढली. कपाळाला हात लावला. काही बोलले नाहीत. आणि कंडक्टरनं “संकेश्वर, संकेश्वर” म्हणून दार उघडलं तसे ते पिशवी उचलून, त्याच तंद्रीत, कानात इअरफोन ठेवून चालायला लागले. वायर ताणली, फोन माझ्या हातातून उडाला, कट्ट झालं. खाली उतरल्यावर त्यांनी कानाला हात लावला, निघालेला तुकडा बघितला, खिडकीतून मला परत दिला आणि म्हणाले, “बंद पडली बघा. वीज गेली.”

खडेबाजारात दुरुस्तीला दिला. इअरफोनच्या वायरीत केसासारख्या तारा असतात, हिरवी डावीची, लाल उजवीची, तांबडी-पिवळी उघडी दिसते ती दोघांची सामाईक. रंग दिसतो तो लाखेचा मुलामा. तो आधी जाळून काढल्याशिवाय शिसं धरत नाही. माझ्या कारागिरानं हिरवी आणि लाल जाळली, सामाईक तशीच डागली. सामाईक तार जोडली गेली नाही तर दोन्ही कान एकामागं एक जोडले जातात आणि दोन्ही बाजूंतला फक्त फरक ऐकू येतो. जे दोन्हीकडं सारखं ते आपसात वजा होऊन जातं. ऑर्गन राहतो, गिटार राहते, टाळ्या राहतात. मधोमध गाणारा जातो. गिलन विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा, नुसता घुमारा.

“गाणाऱ्याचा आवाज येत नाही,” मी म्हणालो.

कारागिरानं दोन्ही बोंडं स्वतःच्या कानात घातली, अर्धा मिनिट मान डोलावली. “म्युझिक मस्त येऊलालंय की. त्याला काय झालंय?” आणि साठ रुपये घेतले.