शांत झोपेसाठी गोव्याला या

पुण्याचा मावसभाऊ दर दोन महिन्यांनी फोन करतो आणि एकच डायलॉग मारतो, "तुमचं काय बाबा, गोव्यात नुसती शांतता." पूर्वी मी वाद घालायचो, आता सरळ राहायला बोलावतो. मागच्या एप्रिलमधे आला पण, चार दिवसांसाठी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लाल डोळ्यांनी चहा पीत विचारायला लागला की पणजीत एखादं बरं हॉटेल मिळेल का.

आमचं घर फोंडा तालुक्यात. मागे कुळागर म्हणजे आमची बागायत, माडपोफळी, मिरीचे वेल, कुळागराच्या टोकाला व्हाळ, म्हणजे ओढा, घरावर मंगळुरी कौलं. फोटोत झकास दिसतं. फोटोला आवाज नसतो हीच त्यातली मेख. मी जन्माचा पणजीच्या फ्लॅटातला माणूस, 2020मधे ऑफिस घरूनच झालं तेव्हा आईला म्हटलं चल, आपण आपल्या मूळ घरी राहू, निसर्गात झोप चांगली लागते. हे वाक्य बायको अजून मला सुनावते, बहुतेक वेळा रात्री दोनला.

सुरुवात फेब्रुवारीत होते. आणि ती पण दुपारी. आता गोव्यात दुपारची झोप म्हणजे चेष्टा नाही, माशाचं हुमण आणि भात जेवून, पंखा फुल करून माणूस आडवा होतो तेव्हा दुकानदारसुद्धा शटर ओढून घरी गेलेला असतो. नेमका त्याच वेळी तांबट बसतो. मुठीत मावेल एवढा हिरवा पक्षी, कपाळावर कुंकू फासल्यासारखा लाल पट्टा, आणि चोच बंद ठेवून गळा फुगवून टुक, टुक, टुक, जणू कोणी तांब्याच्या हंड्याला ठोके मारतंय. मी एकदा मोजले, एका दमात 83. मग थांबतो. आपल्याला वाटतं संपलं, डोळा लागतो, की पलीकडच्या शेवग्यावरून दुसरा सुरू. तो दमला की कुटुर्गा आहेच, त्याचं कुटरू कुटरू तर दिवसभर चालतं, त्याला लंच टाइम नाही.

मार्चपासून कोकीळ. कवींनी या पक्ष्याबद्दल जे काय लिहून ठेवलंय ते सगळे उशिरा उठणारे असणार असा माझा संशय आहे, कारण पहाटे साडेचारला खिडकीबाहेरच्या आंब्यावर नर कोकीळ एकेक कुहू वरच्या पट्टीत चढवत नेतो तेव्हा काव्य वगैरे सुचत नाही. शिवाय अंडी घालणार कावळ्याच्या घरट्यात, पोरं वाढवणार कावळा, मग गायला वेळ असणारच ना! एप्रिलमे मधे त्याच्या जोडीला पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा', प्रत्येक वेळी आधीपेक्षा चढ्या आवाजात, रात्रीसुद्धा. अरे बाबा, काय पेरू, माझ्याकडे कुंडीतली कोथिंबीर आहे, ती पण उगवत नाही.

पण मावसभावाला पळवला तो कोकीळ-पावशाने नाही, कांडेचोराने. पुस्तकात याला उदमांजर म्हणतात. काजूची बोंडं पिकली की हा रात्रभर बाग आणि आमचं छप्पर यांच्यात फेऱ्या मारतो, कौलांवरून चालला की वाटतं कोणीतरी चपला घालून माळ्यावर आलंय. बरं, याच्या अंगाला चक्क बासमती भाताचा वास येतो. खोटं नाही. रात्री दोनला मावसभाऊ अंधारात उठून बसला आणि कुजबुजत म्हणाला, "अरे, कोण भात शिजवतंय?" मी म्हटलं, झोप, वर आहे तो. झालं. 'वर आहे तो' म्हणजे नक्की कोण हे मी सांगेपर्यंत त्याने अंगावरची चादर डोक्यावर घेतली होती.

जूनमधे बेडूक. त्यांच्याविषयी फार लिहीत नाही, पहिल्या पावसाला विहिरीजवळच्या डबक्यात पिवळेधमक होऊन गालाचे निळे फुगे फुगवत ओरडतात, आठवड्याभरात थंड होतात. उलट तेव्हा मीच जागा राहतो, कारण बॅटऱ्या घेऊन बेडूक पकडायला येणारे लोक अजून आहेत, 1972चा वन्यजीव कायदा असला तरी.

खरी गोष्ट जुलैची. पहाटे पाच, काळोख, पाऊस जरा थांबलेला, पागोळ्या गळतायत, आणि कोणीतरी शीळ घालतंय. निवांत. गाणं अर्धवट आठवावं आणि पुढचं न आठवून भलतीकडेच जावं तशी. शेजारच्या बाबूचं दहावीचं वर्ष, मी ठरवलं हाच. तीन दिवस सहन केलं, चौथ्या दिवशी खिडकी उघडून ओरडलो, "बाबू! शिट्या कसल्या मारतोस, अभ्यास कर!" शीळ बंद. काय समाधान वाटलं म्हणून सांगू. तेवढ्यात शेजारच्या पडवीत दिवा लागला, काकी बाहेर आल्या, "किदें जालें रे?" म्हणजे काय झालं रे. मी तक्रार सांगितली. काकी म्हणाल्या, "बाबू न्हिदला रे." म्हणजे बाबू झोपलाय. आणि त्याच क्षणी व्हाळाकडून परत शीळ. मागून बाबू डोळे चोळत आला आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

"कस्तूर तो," आई आतून म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे." इंग्रजांनी या पक्ष्याला व्हिसलिंग स्कूलबॉय, शीळ घालणारा शाळकरी पोरगा, असं नाव ठेवलंय हे नंतर वाचलं, म्हणजे फसलेला मी पहिला नाही. उजाडल्यावर दिसला, विहिरीकडच्या धुण्याच्या दगडावर एक छोटी कुर्ली, म्हणजे खेकडा, आपटत होता, काळाकुट्ट, आणि मान वळवली की खांद्यावर निळी झाक, जुन्या पैठणीच्या पदराची असते तशी. कुर्लीचा डेंगा, म्हणजे नांगी, तुटला, तो गिळला, आणि वर एक शीळ. मी तिथेच विरघळलो. बायनॉक्युलर घेतला, वही घातली, पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपात शिरलो.

पावसाळा संपला की कस्तूर गप्प होतो असं ग्रुपवर सगळे सांगत होते. पण आमचा नोव्हेंबरात पण रोज पहाटे पाचला गात होता. बाबूच्या खोलीत तेव्हा दिवा असायचा, बिचारा बोर्डाच्या परीक्षेची तयारी करत असायचा, त्याला त्रास नको म्हणून मी मोबाईल घेऊन पावलं न वाजवता पडवीत गेलो, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं आणि ग्रुपवर टाकलं, तारखेसकट. धडाधड अंगठे आले. संध्याकाळी एका जुन्याजाणत्या मेंबरने लिहिलं, "सुंदर. फक्त शेवटी शेवटी पक्षी खोकलाय का?"