सरावाचा गड

थोरली लेक अमेरिकेत फिनिक्सला असते. थंडीत आम्ही दोघं तिकडे जाणार म्हटल्यावर तिनं तिकिटांआधी डोंगर ठरवला. कॅमलबॅक. ऐन शहरात बसकण मारलेल्या उंटासारखा, उघडाबोडका, वाळवंटी. एको कॅन्यनच्या वाटेनं दोन किलोमीटरला जवळपास 1300 फूट चढ, मधे तर लोखंडी कठडा धरून स्वतःला वर ओढायचं. उन्हाळ्यात कडक उष्म्याचा इशारा आला की पालिका दिवसा वाटच बंद करते. दमून अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं उतरवतात. हे सगळं ती कौतुकानं सांगते!

"बाबा, आतापासून येळ्ळूरगडावर सराव करा."

मी कॅमलबॅकची उंची विचारली. शिखर 2704 फुटांवर, समुद्रसपाटीपासून. आता आमचं बेळगावच अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे लोक जीव काढून जिथं पोचतात, साधारण तेवढ्या उंचीवर मी जन्मभर टिळकवाडीत बसून चहा पितोय. हा मुद्दा लेकीला पटला नाही. तिच्या आईला तर ऐकूच आला नाही.

मग पहाटे वडगावमार्गे येळ्ळूर. गडावर गाडी जाते, हेच वाईट. आपण धापा टाकत डांबरावरून चालतोय आणि शेजारून पोरं विचारतात, "काका, सोडू का वर?" मी हिच्याकडे बघतो, ही डांबराकडे. वळणावर मी शेतं बघायला थांबलो. येळ्ळूरची भातशेती बघण्यासारखीच आहे. दम लागलेल्या माणसानं तर ती कितीही वेळ बघावी. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई तेवढ्यात पुढं गेली. "दमलासा काय ओ?" विचारून गेली, उत्तराला थांबली नाही.

वर शिवाजी महाराजांचा पुतळा. मार्च 2023 मध्ये दोन पक्षांनी चार दिवसांत त्याचं दोनदा लोकार्पण केलं. तेवढ्या दिवसांत दोनदा इथं यायचं म्हणजे दम दांडगा.

रात्री लेकीची यादी आली: पाणी, टोपी, कंगवा. तिकडे चोया नावाचं निवडुंग असतं म्हणे. नुसता धक्का लागला तरी काट्यांसकट तुकडा पोटरीला चिकटतो, हातानं काढावा तर हाताला. म्हणून खाली कंगवा घालून उडवायचा.

"माझा देणार नाही हं," ही म्हणाली.

खडेबाजारात जाऊन मोठ्या, मजबूत दातांचा मागितला. दुकानदारानं माझ्या टकलाकडे बघून अदबीनं विचारलं, "मिसेसना काय?"

"नाही ओ, निवडुंगाला."

त्यानं मुकाट्यानं सुटे पैसे परत दिले.